लोरेटा बसत नाही

लोरेटा ब्रँडव्होल्डच्या स्वयंपाकघरात चार खुर्च्या आहेत आणि चारींवर काही ना काही ठेवलेलं असतं. एकीवर सायकलच्या ट्यूब, दुसरीवर वाळलेल्या पण घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग, तिसरीवर कुत्र्यांच्या खाण्याची गोणी आणि चौथीवर ग्लेनची हत्यारांची पेटी. कुणी आलं की ती घाईघाईने एक खुर्ची मोकळी करते, तिच्यावरचं सामान दुसरीवर चढवते आणि आपण ओट्याला टेकून उभी राहते. एकोणीस वर्षं मी तिची शेजारीण आहे. या एकोणीस वर्षांत तिला बसून जेवताना मी पाहिलेलं नाही. सिंकपाशी उभी राहून, डाव्या हातात ताटली धरून ती जेवते आणि शेवटचा घास तोंडात असतानाच ताटली धुऊन टाकते. समोरच्याचं जेवण अर्धं झालेलं असलं तर त्याच्या ताटलीकडे अशी बघते की त्याचा घास घशात अडकावा.

सोमवार ते शुक्रवार ती शाळेच्या भटारखान्यात असते. साडेसहाशे पोरांचं दुपारचं जेवण तिच्या हाताखालून निघतं. बाकीच्या बायका सुट्टीच्या दिवशी पाय वर करून पडतात. लोरेटाची पिशवी बुधवारीच भरलेली असते. शुक्रवारी चार वाजता व्हॅनचं मागचं दार उघडं, चाकं काढलेल्या दोन सायकली आत, कुत्री आपापल्या गादीवर, आणि ग्लेन अजून कामावरून यायचा असला तर ही व्हॅन चालू करून गल्लीतच उभी. ती व्हॅन पूर्वी एका फुलवाल्याची होती. तिच्या अंगावरचे गुलाब लोरेटाने कधी खरवडले नाहीत. उन्हाने ते आता कोबीसारखे दिसतात.

ग्लेन ऑक्सनर तिचा जोडीदार. घरं तापवायच्या भट्ट्या आणि हीटर दुरुस्त करतो. गेली चौदा वर्षं दोघं एकत्र राहतात, पण लग्न केलेलं नाही. का नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

“लग्न शनिवारी करावं लागतं,” लोरेटा म्हणाली. “एक शनिवार कोण घालवणार?”

असं हसण्यावारी नेलं तरी तिच्या पायाला चाकं का आहेत ते मला माहीत आहे. तिची आई नॉर्थ डकोटात होती. साठाव्या वर्षी तिने नोकरी सोडली, खिडकीपाशी एक मागे रेलणारी खुर्ची घेतली आणि त्या खुर्चीत ती चौदा वर्षं बसली. आजार म्हणावा असा काही नव्हता. सगळे म्हणायचे, आयुष्यभर राबली, आता बसू दे. ती गेल्यावर लोरेटाने ती खुर्ची एकटीने ओढत अंगणात आणली. गादीत आईच्या बैठकीचा खळगा तसाच होता. लोरेटा म्हणते, बसलं की संपलं. हे ती कुणालाही म्हणते. शाळेतल्या पोरांनाही म्हणते.

आणि मग टिली. टिली गुरं वळणाऱ्या जातीची, करड्या ठिपक्यांची, एका डोळ्याभोवती काळं असलेली. दुसरा कुत्रा हँक दोन वर्षांचा, दांडगा, अकलेने जरा कमी. पण टिली ही लोरेटाची. डोंगरात तिघांची रांग ठरलेली असायची. पुढे ग्लेन, मग लोरेटा आणि लोरेटाच्या मागच्या चाकाच्या वीतभर मागे टिली. ना पुढे जायची, ना ससा दिसला म्हणून बाजूला. अकरा वर्षं ती त्या चाकामागे धावली. लोरेटा मागे वळून बघायची नाही. वाळूवर नखांची खरखर ऐकू आली की पुरे.

यंदा टिलीला तेरावं लागलं. ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाईंनी तिच्या मागच्या पायांचे फोटो काढले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, आता हिला पळवू नका, चालवा. सकाळ-संध्याकाळ थोडं. लोरेटाने मान डोलावली. त्याच शनिवारी तिला डोंगरात घेऊन गेली. “हळूहळू चालवते,” मला म्हणाली. सायकलवरून कुत्रं हळूहळू कसं चालवतात ते मी विचारलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्लेन कुंपणापाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, “टिलीला शनिवार-रविवार ठेवून घेशील का गं? आम्ही गाढवाच्या शेपटीच्या वाटेवर चाललोय. अकरा मैल उतार आहे. तिला नाही झेपणार.”

मी हो म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला. “ठेवून घ्यायला ती काय कुंडी आहे?”

“अगं, मी नुसतं विचारत होतो.”

“विचारू नकोस. इथे ठेवली की ती भिंतीकडे तोंड करून पडते. दोन दिवस. मी येते तेव्हा उठून बघत पण नाही.”

“म्हातारी झाली ती, लोरेटा.”

“तूही झालायस. तुला ठेवते का मी कुणाकडे?”

ग्लेनने माझ्याकडे बघून खांदे उडवले. शुक्रवारी चार वाजता टिली व्हॅनमध्ये होती. तिला उचलून आत ठेवावं लागलं, ते मी खिडकीतून पाहिलं.

पुढचं मी दोघांच्या तोंडून ऐकलं. लोरेटाने भांडी घासता घासता सांगितलं आणि ग्लेनने कुंपणाला टेकून. दोन्हीकडचं जुळवून जे होतं ते असं.

गाढवाची शेपूट ही पायवाट वरच्या पठारावरून निघते आणि खाली नदीपाशी संपते. उतरायला मजा, पण परत चढून यायला कुणाच्या अंगात जीव नसतो. म्हणून दोन गाड्या न्यायच्या. एक खाली ठेवायची, दुसरीत सायकली घालून कच्च्या रस्त्याने वर जायचं, सायकलवरून खाली यायचं आणि खालच्या गाडीने जाऊन वरची आणायची. इकडे सगळे असंच करतात. म्हणून त्या दिवशी ग्लेनची पिकअपही बरोबर होती. पिकअपची चावी ग्लेन नेहमी पुढच्या टायरवर ठेवतो. इथे सगळ्यांची तीच सवय. पण व्हॅनची चावी टायरवर ठेवू देईल तर ती लोरेटा कसली! तिची एक सायकल एकदा चोरीला गेली आहे. व्हॅनची चावी तिच्या पाठपिशवीतल्या आतल्या कप्प्यात, हुकाला अडकवलेली. वर पोचलं, सायकलवर टांग टाकली की ग्लेन विचारणार, “चावी?” आणि लोरेटा पाठीवर थाप मारून म्हणणार, “आहे.” चौदा वर्षं हे चालू आहे. कुणी देवाचं नाव घेऊन निघतं, तसे हे चावीचं नाव घेऊन निघतात.

शनिवारी नऊला त्यांनी व्हॅन नदीपाशी लावली. दहाला पिकअप पठारावर पोचली. अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती, हवा गार. इंजिनाच्या उबेवर ठेवलेले बरिटो, म्हणजे हिरव्या मिरचीचं सारण गुंडाळलेल्या पोळ्या, ग्लेनने खाल्ले, लोरेटाने उभ्याने अर्धा खाल्ला आणि अर्धा टिलीला दिला.

“तिला गाडीत ठेव,” ग्लेन म्हणाला.

“पहिला मैल सपाट आहे. बघू तर दे.”

निघाले. दोनशे पावलं झाली असतील. लोरेटाला मागे खरखर ऐकू येईना. तिने वळून पाहिलं. टिली वाटेच्या मधोमध बसली होती. पडली नव्हती, लंगडत नव्हती. व्यवस्थित, पाय जवळ घेऊन बसली होती आणि लोरेटाकडे बघत होती.

“टिली, चल!” टिलीने शेपूट हलवली. उठली नाही.

“अगं चल ना, बये!”

ग्लेन पुढच्या वळणावर थांबला होता. लोरेटाने सायकल टाकली, टिलीला उचललं आणि वीस किलोचं ते ओझं छातीशी धरून गाडीपर्यंत परत आली. टिलीला पुढच्या सीटवर ठेवलं, दोन्ही काचा चार बोटं खाली केल्या. गाडी दाट सावलीत होती. दीड तासात खाली, पाऊण तासात व्हॅनने परत. साडेबारा होतील फार तर. पाण्यासाठी घडीचं भांडं पिशवीच्या तळाशी होतं. ते काढायला तिने वरचं सगळं बाहेर काढलं, पंप, पंक्चरची पट्टी, चावी, सगळं गाडीच्या पुढच्या काचेखालच्या फळीवर ठेवलं, पाणी ओतलं आणि भराभर सामान परत कोंबलं. डोळ्यांत पाणी होतं असं ती म्हणत नाही. ऊन होतं म्हणते.

“चावी?” वळणावरून ग्लेन ओरडला.

“आहे, चल!” पाठीवर थाप न मारताच लोरेटाने उत्तर दिलं.

वाटेत हँकने एका खारीचा पाठलाग केला, ग्लेनचं चाक पंक्चर झालं. खाली पोचायला सव्वाबारा वाजले. व्हॅनपाशी येऊन लोरेटाने आतल्या कप्प्यात हात घातला. हुक होता. चावी नव्हती.

तिने सगळी पिशवी धुळीत ओतली. मग तिला फळी आठवली, फळीवरची चावी आठवली आणि चावीच्या मागे काचेतून दिसणारी टिली.

“बोल,” ग्लेन म्हणाला.

“वर आहे.”

ग्लेनने हेल्मेट काढलं, टक्कल पुसलं. शिव्या दिल्या नाहीत. लोरेटा म्हणते, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फोनला रेंज नाही. आवारात तीन गाड्या, तिन्ही रिकाम्या, माणसं डोंगरात.

“बसू इथेच,” ग्लेन म्हणाला. “एकच्या सुमाराला लोक वर जायला लागतात. कुणीतरी नेईल.”

“आणि नाही आलं कुणी?”

“शनिवार आहे. येईल.”

“सावली सरकली असेल, ग्लेन. दहाची सावली आहे ती.”

“मला कळतंय. पण चौदा मैल चढ आहे. तुला तीन तास लागतील. थांबलीस तर अर्ध्या तासात…”

“मला नाही थांबता येत!”

“ते मला माहीत आहे गं. चौदा वर्षं बघतोय. आज एक दिवस थांब.”

ती सायकलवर बसलीसुद्धा होती. हँक तिच्या मागे निघाला, ग्लेनने त्याचा पट्टा धरला. ग्लेनचा गुडघा दोनदा उघडून शिवलेला आहे. तो जाऊ शकत नव्हता.

दोन मैलांवर एक जुनं गंजकं फाटक आहे. तिथून खाणवाल्यांचा पडका रस्ता सरळ वर चढतो. पूर्वी कधीतरी ते दोघं त्यावरून उतरले होते. चार मैल वाचतात, एवढंच लोरेटाला आठवलं. रस्ता किती पावसाळ्यांत वाहून गेला असेल ते आठवलं नाही. तिने सायकल फाटकावरून पलीकडे टाकली.

ती फाटकाआड गेली त्याला पंधरा मिनिटंही झाली नसतील, एक शिकारी जोडपं आपल्या गाडीतून नदीवर पाणी भरायला आलं. ग्लेनने हकीकत सांगताच त्या बाईने मागची सीट मोकळी केली. “रस्त्यात माझी बायको असेल,” ग्लेन म्हणाला. बायको, असंच म्हणाला. “तिलाही घेऊ.”

रस्त्यात कुणीच नव्हतं. प्रत्येक वळणावर ग्लेन डोकं बाहेर काढून बघत होता. पाचव्या मैलानंतर तो दरीतही बघायला लागला.

वर पिकअपच्या अर्ध्या भागावर ऊन आलं होतं. टिली सीटवर नव्हती. ग्लेनने टायरवरची चावी काढून दार उघडलं. ती खाली, जिथे पाय ठेवतात तिथे, अगदी आत सरकून पडली होती. भांडं पालथं झालेलं. जीभ बाहेर, श्वास भात्यासारखा. शिकाऱ्याच्या बायकोने पाण्याचा डबा आणला. दोघांनी टिलीला गवतावर काढून तिच्या पोटावर, पंजांवर पाणी ओतलं. थोड्या वेळाने तिने मान उचलली आणि चाटून चाटून पाणी प्यायली. आणखी तासभर उशीर झाला असता तर काय, ते ग्लेनने मला सांगितलं नाही.

आता लोरेटा कुठे? ग्लेनला वाटलं, रस्त्यावरून घसरून कुठेतरी पडली. त्याने टिलीला आणि हँकला गाडीत घातलं आणि हॉर्न वाजवत, सावकाश तो खाली निघाला.

लोरेटा तेव्हा पडक्या रस्त्यावर सायकल खांद्यावर घेऊन चढत होती. दोन ठिकाणी रस्ता नव्हताच, नुसती दगडांची घळ होती. तिसऱ्या ठिकाणी तिने सायकल झुडपात फेकली आणि हातापायांवर वर गेली. तीन हजार डॉलरची सायकल. गुडघे सोलले, नखं तुटली. दूरवर कुठेतरी हॉर्न वाजतोय असं तिला वाटलं, पण तिने ते शिकाऱ्यांवर ढकललं. तीनच्या सुमाराला ती पठारावर आली आणि झाडांमधून धावत गाडीच्या जागी पोचली.

गाडी नव्हती.

गवत चाकांखाली दबलेलं होतं. एके जागी जमीन ओली होती. करड्या केसांचा एक पुंजका पिवळ्या पानांना चिकटलेला. बास, एवढंच. ओल कसली, कुणी टिलीला काढलं, जिवंत काढलं की कसं, काहीच कळायला मार्ग नव्हता.

ती रस्त्यावर पळत गेली. परत आली. पुन्हा गेली. खाली जावं तर पुन्हा चुकामूक होणार, आणि पायांत आता चौदा मैल काय, चौदा पावलंही उरली नव्हती. करण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं. मग ती त्या ओल्या जागेशेजारी खाली बसली.

“किती वेळ बसलीस?” मी विचारलं.

“पन्नास मिनिटं,” ती म्हणाली. तिने घड्याळात बघितलं होतं. “त्या पन्नास मिनिटांत मी गवताची काडीसुद्धा मोडली नाही. शपथ.”

“काय केलंस मग?”

तिने नळ सोडला, पातेलं विसळलं, पुन्हा विसळलं. “आई आठवली,” म्हणाली. “ती खिडकीतून रस्ता बघायची. आम्ही पोरं येतोय का ते बघायची. मला वाटायचं, नुसतीच बसलीये.”

ग्लेन खालपर्यंत जाऊन परत वर चढला तेव्हा चार वाजायला आले होते. लोरेटाला उभी नसून बसलेली पाहून त्याचा धीर सुटला. मोडलं असावं काहीतरी, असं त्याला वाटलं. गाडी चालू ठेवूनच तो उतरला.

“कुठे मेली होतीस?”

“टिली?”

“आधी सांग, कुठे होतीस? दऱ्या बघत फिरतोय मी!”

“ग्लेन. टिली?”

तो बाजूला झाला. टिली पुढच्या सीटवर झोपली होती. लोरेटाचा आवाज ऐकून तिने एक डोळा उघडला, शेपूट दोनदा सीटवर आपटली आणि डोळा मिटला. उठून आली नाही. लोरेटा म्हणते, ती उठली नाही याचा मला पहिल्यांदाच राग आला नाही.

“पाऊण तास थांबली असतीस ना,” ग्लेन म्हणाला, “तर माझ्याबरोबर गाडीतून आली असतीस.”

“माहीत आहे.”

“आणि सायकल कुठे आहे?”

“झुडपात.”

“कुठल्या?”

“ते नाही माहीत.”

मग मात्र ग्लेनने शिव्या दिल्या. सायकल शोधायला रविवार गेला.

मला वाटलं होतं, आता यांचं जाणं थांबेल. कसलं थांबतंय! पुढच्या शुक्रवारी चार वाजता व्हॅन चालू होती. पण त्यांनी वाटणी करून घेतली आहे. शनिवारी ग्लेन आणि हँक डोंगर उतरतात, त्यांना वर सोडून लोरेटा व्हॅन घेऊन खाली येते आणि टिलीजवळ थांबते. रविवारी उलट. गाडीत कुत्रं एकटं ठेवायचं नाही. दुसरी गाडीच नाही, त्यामुळे चावीचाही घोळ नाही. तरी लोरेटाने व्हॅनची चावी टिलीच्या पट्ट्याला अडकवली आहे.

“चौदा वर्षं माणसाला सांभाळता आली नाही,” ग्लेन म्हणतो, “आता कुत्रीकडे दिलीये.”

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. ग्लेनला वर सोडून आम्ही नदीपाशी आलो. लोरेटाने टिलीला उतरवून कॉटनवूडच्या झाडाच्या सावलीत चटईवर ठेवलं. मग व्हॅन झाडली. काचा पुसल्या. सायकलची साखळी धुतली, ती धुतलेलीच होती. घडीच्या दोन नव्या खुर्च्या काढल्या, त्यांच्यावरची किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती. एक मला दिली. दुसरीवर पाण्याचा डबा ठेवला.

“बस की गं जरा,” मी म्हणाले.

“बसते ना.”

पाच मिनिटांनी ती खरंच बसली, खुर्चीत नाही, जमिनीवर, टिलीशेजारी. टिली रांगत पुढे सरकली आणि तिने हनुवटी लोरेटाच्या बुटावर ठेवली. चावी दगडावर वाजली. लोरेटा उठायला लागली की टिली डोळे उघडायची. मग लोरेटा पुन्हा टेकायची. असं तीनदा झालं.

“अजून किती वेळ लागेल त्याला?” तिने विचारलं.

“आत्ताच तर आलो आपण खाली. अर्धा तास तरी जाईल.”

“अर्धा तास,” ती म्हणाली आणि रस्त्याकडे बघत राहिली. तिचा पाय हलत होता, शिलाईच्या यंत्रावर असल्यासारखा, भराभर. त्याच्याबरोबर टिलीचं डोकंही वर-खाली, वर-खाली होत होतं. टिली गाढ झोपली होती.